मामाच्या गाडीची टकटक

माझ्या गाडीतून टकटक असा आवाज येतो, हे चौसाळ्यात सगळ्यात शेवटी मला कळलं. आधी ते शेजारच्या मोहनरावांना कळलं, मग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत कळलं (गिरणी चालू असताना ऐकू येणारा आवाज म्हणजे तो काय असेल, बघा), मग बसस्टँडवरच्या हॉटेलात त्यावर चर्चा झाली. मी आपला रोज काचा वर करून, बातम्या लावून, समाधानानं कॉलेजला जात होतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. त्यातही ध्वनी हे प्रकरण इतकं रंगवून शिकवतो की त्या तासाला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी असतात. तरी हे असं झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि कळलं तेही चारचौघांत. तलवाड्याला माझ्या भाचीचा, वैष्णवीचा साखरपुडा होता. वैष्णवी ही माझ्या बहिणीची, मुक्ताबाईची एकुलती एक मुलगी. आमचे भाऊजी फार लवकर गेले. तेव्हापासून तलवाड्याचं घर आणि शेती वैष्णवीचे चुलते अमरसिंहराव बघतात, पण अकरावीपासून पदवीपर्यंत पोरगी राहिली आमच्याकडं, चौसाळ्याला. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे ती राहिली म्हणजे नुसती राहिली नाही, घर तिचंच झालं. माझा चष्मा कुठं ठेवलाय हे अजूनही आम्ही तिलाच फोन करून विचारतो.

अमरसिंहराव राजकारणातले. त्यांच्या दारात पांढऱ्या गाड्यांची रांग असते आणि एक पांढरा घोडा असतो. घोडा मिरवणुकीपुरता, गाड्या बाकी सगळ्याला. माणूस वाईट नाही, पण आपल्यापेक्षा लहान गाडी दिसली की त्याला राहवत नाही. साखरपुड्यात जेवणं चालू असताना मी पाण्याचा ग्लास खाली ठेवून जाहीर केलं, "नवरी मामाच्या गाडीतून मांडवात येईल. तसा शब्द दिलाय मी तिला." शब्द खरंच दिलेला होता. ती शाळेत असताना सुट्टीला आली की माझ्या मोटारसायकलवर मागं बसून म्हणायची, "मामा, माझ्या लग्नाला मी तुमच्याच गाडीत जाणार हं." मी हो म्हणायचो. शालू नेसून मोटारसायकलवर कशी बसणार, हा विचार तेव्हा दोघांनीही केला नव्हता.

अमरसिंहराव वाढपी थांबवून म्हणाले, "मास्तर, तुमची गाडी सकाळी दारात आली तवा मला वाटलं, कुणी सुतार बोलावला का काय. टकटक, टकटक! नवरी पोचंल का पाटोद्याला?"

अख्खी पंगत हसली. जिलेबी तोंडात असलेलेसुद्धा हसले.

"हसण्यावारी न्हेऊ नका," अमरसिंहराव पुढं म्हणाले. "पाटोद्याचे पाव्हणे लई मोठे हायेत. मधीच गाडी बंद पडली तर इज्जत कुणाची जाईल? हळदीच्या दिवशी मी सवता कान लावून बघतो. आवाज गेला असंल तर पोरगी तुमच्या गाडीत. न्हाई गेला तर माझ्या. बोला, मंजूर?"

मी मंजूर म्हणालो. दुसरं काय म्हणणार? वैष्णवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या बघण्यानं माझी झोप उडाली.

इथं माझ्या गाडीविषयी थोडं सांगायला हवं. दोन-तीन वर्षांपूर्वी मांजरसुंब्याच्या घाटात मोटारसायकल खडीवरून घसरली आणि माझा पाय मोडला. प्लास्टरमध्ये पडलो असताना बायकोनं, म्हणजे सुरेखानं, दुचाकीवर कायमची बंदी घातली आणि मी ही जुनी पेट्रोल गाडी घेतली. गाडी दारात आली तेव्हा सुरेखा ताटात नारळ, लिंबं, मिरच्या आणि बिब्बा घेऊन उभी होती. मी सगळं परत पाठवलं. एवढंच नव्हे, जमलेल्या गल्लीला उद्देशून पाच मिनिटं बोललो. लिंबू चिरडून टायरचं आयुष्य वाढत नाही, बिब्ब्यात ब्रेक लावण्याची शक्ती नसते, वगैरे. अंधश्रद्धेवर मी चांगलं बोलतो. पंचक्रोशीतल्या शाळा मला त्यासाठी मुद्दाम बोलावतात, शाल देतात. तर मुद्दा असा, की माझ्या गाडीला फक्त कुंकवाचं एक बोट लागलं होतं, तेही सुरेखानं माझं लक्ष नसताना लावलेलं.

तलवाड्याहून परत आल्याबरोबर मी बॉनेट उघडलं. चौसाळ्यात उघड्या बॉनेटभोवती माणसं जमायला निमंत्रण लागत नाही. पहिले आले मोहनराव. ते जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेत, पण स्टेथोस्कोप निवृत्त केलेला नाही. त्यांनी तो कानाला लावला आणि इंजिनावर ठिकठिकाणी टेकवत, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग बॉनेटवर थोपटून म्हणाले, "हं. रवंथ नीट न्हाई."

"म्हणजे?"

"आत काहीतरी अडाकलंय. म्हैस असती तर तेल पाजलं असतं."

गिरणीवाला म्हणाला पट्टा. त्याला जगात दुसरा रोगच माहीत नाही. एकजण म्हणाला, पेट्रोलमध्ये भेसळ आहे. कुणी म्हणालं, गाडी एकदा हायवेला दामटून आणा, आपोआप मोकळी होईल. त्याप्रमाणे दामटून आणली. आवाजही तेवढाच दामटून आला. मी मात्र ध्वनीचा माणूस. इंजिनाची गती वाढली की टकटक वाढते, कमी झाली की कमी होते, उभ्या गाडीत सर्वांत स्पष्ट ऐकू येते, एवढी निरीक्षणं फळ्यावर मांडली आणि निष्कर्ष काढला, की आवाज इंजिनाशी संबंधित आहे. सुरेखा म्हणाली, "हे फळ्याशिवाय कळलं नसतं का हो?" मी फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी गाडी हायवेवरच्या पप्पूच्या गॅरेजात नेली. पप्पूकडं मुख्यतः ट्रॅक्टर असतात, त्यामुळे तो नाजूक गाडीलाही ट्रॅक्टरच समजतो. त्यानं इंजिन चालू ठेवायला सांगितलं, लांब पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं. मग शेजारच्या रसवंतीवाल्याला ओरडला, "अबे, तुझा तो चरक बंद कर जरा! काय ऐकूच येत न्हाई इथं!" रस काढणं थांबलं. गिऱ्हाइकं ग्लास घेऊन आमच्याकडं आली. पप्पू गाडीच्या पुढच्या बाजूनं खाली सरपटला. थोड्या वेळानं टकटक एकदम थांबली, मग पुन्हा सुरू झाली. पुन्हा थांबली, पुन्हा सुरू झाली. मग पप्पू बाहेर आला आणि माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागला. देवळाच्या मागं चोरून प्रसाद खाताना मी सापडलो असतो तर असं बघितलं असतं त्यानं.

"सर," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुमी गाडीला काय... बांधलंय का?"

"मी काय बांधणार?"

त्यानं भोवतालच्या गर्दीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बरं, बरं. न्हाई बांधलं. समजलो, सर. आपण काय बोलणार न्हाई." आणि मोठ्यानं म्हणाला, "टॅपेट हाय! टॅपेट सेट करावं लागंल!"

टॅपेट हा शब्द ऐकून माझ्यासकट सर्वांना बरं वाटलं. रोगाला नाव मिळालं की निम्मा आजार जातो. टॅपेट सेट झाले. आवाज तसाच राहिला. मग पप्पूनं इंजिनाखालची रबरी माउंटिंगं बदलली. इंजिन इतकं स्थिर झालं की त्यावर चहाचा कप ठेवला तर हलला नसता, पण टकटक होतीच. दर वेळी गाडी परत देताना पप्पू माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणायचा, "सर, एखादी गोष्ट माणसानं सवता बांधली तर सवताच सोडावी लागती. दुसऱ्यानं हात लावू नये. बघा इचार करून." मला वाटलं, हा अध्यात्माकडं वळला.

घरी सुरेखाचंही बदललं होतं. एरवी माझ्या चुका ती गल्लीला ऐकू जातील अशा सांगते. पण या दिवसांत तिनं मला दोनदा शिरा करून घातला आणि एका संध्याकाळी जवळ बसून म्हणाली, "अहो, माणूस बाहेर काहीही बोलू दे. मनात एखादा धागा असतोच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पोरीसाठी तेवढा सोडता आला तर बघा." मी समजलो, वैष्णवी सासरी जाणार म्हणून हिचं मन हळवं झालंय. माझंही झालं होतंच. मी म्हटलं, "धागा असा सोडता येत नाही गं." तिनं डोळ्यांना पदर लावला आणि वाटीत आणखी शिरा वाढला.

मोहनरावही आता स्टेथोस्कोप न काढता नुसते खांद्यावर हात ठेवून जायचे. गिरणीवाला मला बघून नमस्कार करायला लागला. अख्खा गाव माझ्याशी सुतकातल्या माणसाशी वागावं तसा वागत होता, आणि माझ्या गाडीचं निदान कुणी करत नव्हतं.

कॉलेजातही तीच तऱ्हा, फक्त शिऱ्याविना. गाडी घेऊन बीडला मोठ्या गॅरेजात जावं म्हणून मी किरकोळ रजेचा अर्ज दिला. कारण प्रामाणिकपणे लिहिलं, "वाहनातील ध्वनीचे निदान करणेकामी". अर्ज दोन दिवसांनी परत आला. त्यावर शेरा होता, "निदान वैद्यकीय असल्यास प्रमाणपत्र जोडावे." मी कार्यालयात जाऊन सांगितलं की निदान गाडीचं आहे. तर उत्तर मिळालं की मग अर्ज गाडीनं करायला हवा का, याबाबत मार्गदर्शन मागवतो. बीडचं राहिलं ते राहिलंच.

हळद तोंडावर आली तेव्हा मात्र मी सूत्रं हाती घेतली. पुस्तकं काढली. अनुनाद! एखाद्या वस्तूची स्वतःची कंप्रता, म्हणजे थरथरण्याचा वेग, आणि बाहेरून येणारी कंप्रता जुळली की वस्तू जोरानं थरथरते. उपाय म्हणजे दाट तेल. आकृती काढून मी पप्पूला समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एक सुस्कारा सोडून म्हणाला, "ठीक हाय, सर. तुमचं तेल टाकतो. बाकी माझं मी बघतो. तुमी तिकडं रस प्या." मी रस पिऊन परत आलो, गाडी चालू केली, आणि काय सांगू? आवाज नाही! पूर्ण शांत! मी काच खाली केली, वर केली, कान चोळले. नुसती घुंईऽऽ.

"विज्ञान, पप्पू!" मी म्हणालो.

"व्हय सर," तो आभाळाकडं बघत म्हणाला. "इज्ञान लई मोठं हाय."

हळदीच्या दिवशी तलवाड्यात अमरसिंहराव माझ्या गाडीभोवती दोनदा फिरले, बॉनेटला कान लावला, आपल्या चालकाला बोलावून त्याचाही कान लावला. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "गेला की हो आवाज! काय केलंत, मास्तर?" मग मी सांगितलंच. हळद लागलेल्या हातांनी मी तिथं जमलेल्या वऱ्हाडाला अनुनाद समजावला. बायका हळद लावायच्या थांबल्या. वैष्णवी पिवळ्या चेहऱ्यानं हसत होती, आणि अमरसिंहराव शब्दाचे पक्के म्हणून म्हणाले, "ठरलं. पोरगी तुमच्या गाडीत."

लग्नाच्या सकाळी फेटेवाल्यानं मला मामाचा मानाचा गुलाबी फेटा बांधला, चांगला ऐटदार तुरा काढून. मला असल्या गोष्टींचं वेड नाही, पण आरशात मी स्वतःकडं एरवीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं हे खरं. मागच्या सीटवर वैष्णवी, तिच्या एका बाजूला मुक्ताबाई, दुसऱ्या बाजूला सुरेखा. पुढं मी, माझा फेटा आणि छताला टेकणारा तुरा. मागं अमरसिंहरावांच्या पांढऱ्या गाड्यांची रांग. बीड गेलं, घाट चढलो. ज्या वळणावर माझा पाय मोडला होता तिथं वैष्णवी मागून म्हणाली, "मामा, हळू." मी हळू घेतली.

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याला वळलो आणि कुणीतरी रातोरात केलेल्या गतिरोधकावरून गाडी उडाली. खाली आली ती बोलतच.

टक.

माझा हात बातम्यांच्या बटणाकडं गेला.

टक. टक. टकटक टकटक टकटक.

"खडा उडला असंल," मुक्ताबाई म्हणाली. बहिणीचं प्रेम, दुसरं काय. खडा असता तर एकदाच उडाला असता. मागून अमरसिंहरावांच्या गाडीनं हॉर्न दिला, मग सगळ्या गाड्यांनी दिला. मी घामानं भिजलो. आणि नेमकं पुढं रस्त्यात लोखंडी अडथळे आडवे. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली, तपासणी पथक बसलेलं. त्यांनी हात केला.

पथकातला तरुण खिडकीशी वाकला आणि एकदम सरळ झाला. "सर, तुमी? मी रामकिसन! बारावीला तुमच्याकडंच व्हतो की!" रामकिसन आता ग्रामसेवक झाला होता आणि निवडणुकीच्या कामावर होता. मी म्हटलं, "रामकिसन, मुहूर्त जवळ आलाय, सोड बाबा." तो सोडणार होता, पण त्याचे साहेब खुर्चीतून म्हणाले, "गाडीत काहीतरी दडवल्याबिगर असा आवाज येतो का? खाली बघा." गाडीखाली पैशाच्या पेट्या लटकवून नेतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं म्हणे.

"सर, इंजिन चालू ठेवा," रामकिसन म्हणाला. "तुमीच शिकवलंय, ध्वनीचं उगमस्थान आधी शोधावं." आणि तो पुढच्या बाजूनं खाली गेला. तोवर अमरसिंहराव उतरून आले होते. त्यांच्या मागं वऱ्हाड. माझ्या आयुष्यात एवढे श्रोते मला शाल देतानाही जमले नव्हते.

खालून रामकिसनचं डोकं बाहेर आलं. त्याचा चेहरा पडला होता.

"सर... नाल हाय."

"कसली नाल?"

"घोड्याची. बंपरच्या मागं लाल दोऱ्यानं बांधलेली. दोरा अर्धा तुटलाय, म्हणून ती हलती अन् पत्र्यावर आपटती. अन् एक गोणपाटाचा तुकडा लोंबतोय. कुणीतरी मधी कोंबलेला दिसतोय." तो उठून उभा राहिला आणि त्यानं जे विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही. "सर, नाल म्हंजी नुसतं लोखंड, असं तुमीच आमाला वर्गात सांगितलं व्हतं. अन् तुमीच?"

"मी?" मी गाडीतून बाहेर आलो, तुरा दाराला अडकला. "मी नाही बांधली! मी कशाला बांधेन?"

"राहू द्या हो," मागच्या खिडकीतून सुरेखा अतिशय मायेनं म्हणाली. "आता कशाला लपवता? मला पहिल्याच दिवशी पप्पूनं सांगितलं होतं. तुमची तुम्ही लपून बांधली असणार, भाषणं देता म्हणून लाज वाटत असणार, म्हणून आम्ही कुणी बोललो नाही. मोहनरावांना माहीत आहे, गिरणीत माहीत आहे. बांधणाऱ्याशिवाय दुसऱ्यानं सोडू नये म्हणून त्या बिचाऱ्या पप्पूनं शेवटी गोणपाट कोंबलं."

म्हणजे तो हात धरणं, ते नमस्कार, तो शिरा! आणि माझा अनुनाद! एक गोणपाटाचा तुकडा! ज्याला मी पाच-पाच मिनिटांची भाषणं दिली, तो सगळा गाव माझी अब्रू झाकत फिरत होता. मला रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली जाऊन बसावंसं वाटलं.

"मामी, त्यांनी न्हाई बांधली."

आवाज वैष्णवीचा होता. मुक्ताबाईच्या अंगावरून झुकून तिनं दार उघडलं होतं. मुंडावळ्या एका हातानं बाजूला धरून ती खाली मान घालून बोलत होती.

"मी बांधली. तुमचा पाय मोडला तवा दवाखान्यात रात्रभर मीच बसलते, मामा. मग तुमी गाडी घेतली अन् साधा नारळसुद्धा फोडू दिला न्हाई. रोज तुमी हायवेला निघाले की मला भ्या वाटायचं. तलवाड्याला गेलते तवा काकाच्या घोड्याची जुनी नाल आणली अन् तुमी झोपल्यावर गाडीखाली जाऊन बांधली. सांगितलं असतं तर तुमी काढून टाकली असती. ती वाजती हे मला खरंच ठाऊक नव्हतं." मग तिचा आवाज बारीक झाला. "माझ्यामुळंच झालं सगळं."

मी फेट्याचा तुरा उगाच सरळ केला.

अमरसिंहराव पुढं सरकले. "माझ्या घोड्याची?" ते म्हणाले. चेहऱ्यावर अभिमान लपत नव्हता. "म्हंजी सुतार आमच्याच घरचा निघाला की!" मग घड्याळ बघून म्हणाले, "पण आता येळ न्हाई. पोरी, उतर, माझ्या गाडीत बस."

रामकिसन कुठूनतरी विळा घेऊन आला. "सर, दोरा कापून टाकतो. एका मिनिटात आवाज बंद. मग जावा निवांत."

"थांब," मी म्हणालो. "कापू नको."

"कावून सर?"

"ज्यानं बांधली त्यानंच सोडावी," मी म्हणालो. हे वाक्य मी म्हणतोय हे ऐकून सुरेखानं तोंडावर हात ठेवला. मी घाईनं पुढं म्हणालो, "आणि नवरीला शालूत गाडीखाली झोपवता येत नाही. व्यवहाराचा प्रश्न आहे."

पण आवाज तर थांबवायला हवा होता. आजूबाजूला पाहिलं. गोणपाट फाटलेलं, फडकं नाही, दोरी नाही. मग माझा हात आपोआप डोक्याकडं गेला. फेटा काढला. तुऱ्यासकट. इंजिन बंद केलं, नव्या सदऱ्यानिशी मी रस्त्यावर आडवा झालो आणि गाडीखाली शिरलो. तिथं ती होती, गंजलेली, धुळीनं माखलेली, लाल दोऱ्याच्या वेड्यावाकड्या गाठींनी बांधलेली. पोरीला गाठी कधीच नीट येत नव्हत्या, लहानपणी सुट्टीला आली की तिच्या बुटांच्या नाड्या मीच बांधायचो. त्या नालेला मी गुलाबी फेटा घट्ट गुंडाळला, दोन फेरे पत्र्याभोवती दिले आणि गाठ मारली. ही गाठ मात्र पक्की.

बाहेर आलो तेव्हा सदरा काळा, हात काळे, डोकं बोडकं आणि त्यावरचे उरलेले केस उभे. गाडी चालू केली. घुंईऽऽ. साहेब खुर्चीतून म्हणाले, "जाऊ द्या त्यांना." अमरसिंहराव माझ्याकडं बघत उभे होते.

"मास्तर, मानाचा फेटा व्हता तो."

"होय. मानानंच बांधलाय."

त्यांनी वैष्णवीकडं पाहिलं. ती गाडीतून उतरली नव्हती. मग ते आपल्या चालकांवर ओरडले, "अरे, गाड्या मागं घ्या! मास्तराची गाडी पुढं जाऊ द्या!"

पाटोद्याच्या मंगल कार्यालयात गाडी इतकी गुपचूप शिरली की बँडवाल्यांना नवरी आल्याचं कळलंच नाही. मंगलाष्टकांना मी भाचीच्या मागं उभा राहिलो, तसाच, बोडक्या डोक्यानं. नवरदेवाकडच्या एका भारदस्त पाहुण्यांनी हळूच विचारलं, "मामाला फेटा न्हाई बांधला?" मी तोंड उघडायच्या आत अमरसिंहराव म्हणाले, "आमच्याकडं मामा बोडक्या डोक्यानंच ऱ्हातो. लई जुनी रीत हाय. आमच्या आज्यापासून." पाहुण्यांनी आदरानं मान डोलावली. आता पाटोद्यात ही रीत सुरू झाली तर माझ्यावर नको, त्यांच्यावर जबाबदारी.

पाठवणीला वैष्णवी माझ्या गळ्यात पडली आणि माझ्या काळ्या सदऱ्याचे डाग शालूला लागले. रडता रडता म्हणाली, "मामा, आता तुमी ती सोडली तरी चालंल. मी परवानगी देते." मी मोठ्या माणसासारखं "बघू, बघू" म्हणालो. मग गाडीत बसून मान स्टिअरिंगवर टेकवली आणि लहान मुलासारखा रडलो. सुरेखा म्हणाली, "आधी रडा, मग चालवा. दोन्ही एकदम नको."

परतताना गाडी शांत होती. फार शांत. मागच्या सीटवर कुणी नव्हतं, फुलांच्या पाकळ्या पडल्या होत्या आणि तिनं विसरलेला रुमाल. लिंबागणेशच्या जवळ ऊन उतरलं होतं तेव्हा मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो आणि पुन्हा आडवा झालो.

"आता काय झालं?" सुरेखानं विचारलं.

"फेटा काढतो. धुवायला टाकायचाय, चांगल्या कापडाचा आहे."

"आणि नाल?"

"ती कुठं माझी आहे काढायला?"

गाडी चालू केली. टक. टक. टकटक, टकटक. सुरेखानं काच खाली केली आणि खिडकीवर कोपर ठेवून बसली. मीही माझी काच खाली केली आणि चौसाळा येईपर्यंत बातम्या लावल्या नाहीत.

आमच्या गल्लीत वळायच्या आधीच मोहनराव फाटकाशी येऊन उभे होते. गळ्यात स्टेथोस्कोप. "आवाजावरून कळलं, तुमी आलात म्हणून. पाठवलं का पोरीला नीट?"

"पाठवलं."

त्यांनी बॉनेटकडं कान केला आणि काळजीनं जवळ येऊन, आवाज खाली आणून विचारलं, "सर, आवाज परत सुरू झाला की हो. मग काय हाय म्हणायचं हे?"

"काही नाही, मोहनराव," मी म्हणालो. "टॅपेट आहे."